घटस्फोटाला घाबरणारे धर्ममार्तंड : मुक्काम अमेरिका

अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना नावाचे राज्य आहे. १९९७ साली या राज्याच्या विधिमंडळाने एक अजब कायदा केला. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून तेथे लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्यापुढे दोन प्रकारची लग्ने ठेवण्यात आली. एक साधे लग्न. ते मोडायचे तर नवरा-बायकोने ठराविक काळ वेगळे राहिले की पुरे, कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. दुसरे 'कव्हनंट मॅरेज'. या लग्नात शिरण्यापूर्वी जोडप्याने धर्मगुरूकडून किंवा समुपदेशकाकडून सल्ला घ्यायचा, हे नाते जन्मभराचे आहे असे लेखी प्रतिज्ञापत्र करायचे, आणि पुढे बिनसले तर पुन्हा समुपदेशनाची पायरी चढायची. एवढे करूनही घटस्फोट हवा असेल तर समोरच्याने व्यभिचार केला, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्षभर टाकून दिले, मारहाण वा लैंगिक अत्याचार केला यांपैकी काहीतरी न्यायालयात सिद्ध करायचे. नाहीतर दोन वर्षे विभक्त राहायचे. मूळ विधेयकात तर व्यभिचार आणि परित्याग एवढीच कारणे होती. मारहाणीचा समावेश नंतर, सभागृहात चर्चा झाल्यावर झाला. बायकोला मारणे हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते हे पहिल्या खर्ड्यात कोणाला सुचलेही नव्हते, यावरून विधेयक कोणत्या डोक्यातून निघाले याचा अंदाज वाचकांना यावा.

हे डोके टोनी पर्किन्स नावाच्या तरुण आमदाराचे. हे गृहस्थ पूर्वी लष्कराच्या मरीन दलात होते, नंतर पोलीस खात्यात. २००३ साली ते 'फॅमिली रिसर्च कौन्सिल' या वॉशिंग्टनमधील बड्या ख्रिस्ती राजकीय संघटनेचे अध्यक्ष झाले. लुइझियानाच्या पाठोपाठ १९९८ मध्ये अ‍ॅरिझोना आणि २००१ मध्ये आर्कान्सा या राज्यांनी असेच कायदे केले. आर्कान्साचे तत्कालीन गव्हर्नर माइक हकाबी हे स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांनी २००५ च्या १४ फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन दिनी, हजारो लोकांसमोर आपल्या जुन्या लग्नाचे या नव्या लग्नात रूपांतर करून घेतले.

आता मराठीत या शब्दाची एक गंमत आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात 'कव्हनंट'ला 'करार' म्हणतात. जुना करार, नवा करार हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. पण विधी महाविद्यालयात आपण शिकतो ते याच्या उलटे. हिंदू विवाह हा 'संस्कार' आणि मुस्लिम विवाह हा 'करार' असे पहिल्याच वर्षी घोकून घेतात. करार म्हणजे माणसांनी केलेला आणि म्हणून माणसांना मोडता येणारा. संस्कार म्हणजे देवाधर्माने बांधलेला आणि म्हणून न मोडणारा. लुइझियानाच्या पुढाऱ्यांना हवा होता तो आपल्या अर्थाने करार नव्हता, संस्कारच होता. 'आजचे लग्न नुसते कॉन्ट्रॅक्ट झाले आहे, ते पुन्हा पवित्र झाले पाहिजे' हा त्यांचा युक्तिवाद. ही भाषा आपल्या कानांना नवी आहे काय?

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल संसदेत मांडले तेव्हा हीच भाषा चालली होती. स्त्रीला घटस्फोट दिला की कुटुंब मोडेल, कुटुंब मोडले की समाज मोडेल, समाज मोडला की धर्म बुडेल. करपात्री स्वामींपासून सनातनी खासदारांपर्यंत सर्वांनी हीच माळ जपली. बाबासाहेबांनी त्यांना दिलेले उत्तर आजही प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्यांच्यात घटस्फोटाची रूढी पूर्वीपासून आहे, मग मूठभर वरच्या जातींचा नियम सगळ्यांचा धर्म म्हणून का लादता, असा त्या उत्तराचा आशय होता. आपल्या गावाकडे काडीमोड होता, पाट होता, म्होतूर होते. जातपंचायतीपुढे काडी मोडली की बाई मोकळी होत असे. यात सारे काही गोड होते असे मी म्हणणार नाही, पंचायतीत बसणारे पुरुषच असत. पण लग्न सात जन्मांचे असते ही कल्पना आपल्या आजी-पणज्यांची नव्हे. मुंबई प्रांताने तर केंद्राच्या आधी, १९४७ सालीच हिंदू घटस्फोटाचा कायदा केला होता. तरीही हिंदू कोड बिल अडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागची कारणे अनेक, त्यात हे बिल ठळक.

असो. मुद्दा अमेरिकेचा.

तिकडे कौटुंबिक कायदा हा केंद्राचा नाही, राज्यांचा विषय आहे. लग्नाचे वय, घटस्फोट, मुलांचा ताबा, शाळेत काय शिकवायचे, गर्भपात, दत्तकविधान, हे सारे पन्नास विधिमंडळांच्या हाती. १९६९ साली कॅलिफोर्नियाने दोषविरहित घटस्फोटाचा कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन हे पुढे याच धर्मवाद्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले, हा इतिहासाचा विनोद. त्या कायद्यापूर्वी काय होत असे? घटस्फोटासाठी खोटे पुरावे उभे करावे लागत, हॉटेलच्या खोलीत ठरवून छायाचित्रे काढली जात, दोघांचे संगनमत असेल तर दोघेही न्यायालयात खोटे बोलत. आणि ज्या बाईकडे पैसा नाही, साक्षीदार नाही, ती मार खात राहत असे. बंद दाराआडच्या मारहाणीला साक्षीदार कोठून आणायचा? कौटुंबिक न्यायालयात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वकिलाला हा प्रश्न पडलेला असतो. क्रूरता सिद्ध करता करता अशिलाचे तारुण्य संपते.

बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका जोडीदाराच्या इच्छेवर घटस्फोट देणारे कायदे ज्या राज्यांनी केले, तेथे पुढील काळात स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या आणि घरातील मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. याचा अर्थ साधा आहे. बाईला दार उघडून जाता येते हे नवऱ्याला कळले की तो हात उगारताना विचार करतो. ती प्रत्यक्षात गेलीच पाहिजे असे नाही. 'कुटुंब वाचवा' म्हणणाऱ्यांच्या पत्रकात हे आकडे सापडणार नाहीत.

या मंडळींची काम करण्याची पद्धत मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. चळवळीतल्या माणसाने शत्रूची शिस्त नाकारू नये. जेम्स डॉब्सन नावाचे एक बालमानसशास्त्रज्ञ होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. मुलांना धाकात कसे वाढवावे यावर पुस्तक लिहून ते प्रसिद्धीस आले. १९७७ मध्ये त्यांनी 'फोकस ऑन द फॅमिली' ही संस्था काढली. रेडिओवरून ते घराघरातल्या आयांशी बोलत. मूल हट्ट करते, नवरा बोलत नाही, सासूशी पटत नाही, असल्या रोजच्या अडचणींवर सल्ला देत. विश्वास बसला की त्याच आवाजात आपल्या आमदाराला फोन करा म्हणून सांगत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी राज्याराज्यांत 'फॅमिली पॉलिसी कौन्सिल' उभारण्यास सुरुवात केली. पुढे सुमारे चाळीस राज्यांत अशा परिषदा उभ्या राहिल्या. नावे वेगवेगळी, कारभार कागदावर स्वतंत्र, पण धोरण एक.

अमेरिकेतील राज्यांची विधिमंडळे कशी असतात हे कळल्याशिवाय या परिषदांची ताकद कळत नाही. टेक्साससारख्या अवाढव्य राज्याचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस भरते. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सभासद आहेत आणि त्यांना मानधन मिळते वर्षाला १०० डॉलर. पुष्कळ राज्यांत आमदार म्हणजे शेती, दुकान, विम्याचा धंदा सांभाळून येणारा माणूस. त्याच्याकडे ना संशोधक ना कायद्याचा जाणकार. अशा माणसासमोर परिषदेचा प्रतिनिधी तयार विधेयक घेऊन उभा राहतो. कलमे लिहिलेली, उद्देशिका लिहिलेली, समितीपुढे साक्ष द्यायला डॉक्टर आणि वकील तयार, पत्रकार परिषदेचे निवेदनही तयार. शिवाय निवडणुकीआधी चर्चमध्ये वाटायला मार्गदर्शिका असते, त्यात कोणत्या उमेदवाराने कोणत्या प्रश्नावर कसे मत दिले याचा तक्ता असतो. कर-सवलतीच्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला मनाई, म्हणून 'आम्ही कोणाला मत द्या सांगत नाही, फक्त माहिती देतो' असे म्हणायचे. आमदाराला समजायचे ते समजते.

मिसिसिपी या राज्याचे उदाहरण घ्या. २०१८ साली तेथे १५ आठवड्यांनंतर गर्भपातास बंदी करणारा कायदा झाला. त्याचा नमुना 'अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम' या ख्रिस्ती वकिलांच्या संस्थेने पुरवला होता. हेतू मिसिसिपीपुरता नव्हताच. कायदा झाला की कोणीतरी न्यायालयात जाणार, खटला वर चढत सर्वोच्च न्यायालयात जाणार, आणि तेथे १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल उलथवता येणार, अशी ती आखणी होती. २४ जून २०२२ रोजी नेमके तेच घडले. चार वर्षांत एका लहान, गरीब राज्याच्या विधेयकाने देशाचा पन्नास वर्षांचा कायदा पाडला. मी वकील म्हणून सांगतो, आपल्यातले किती जण विधेयक लिहिताना त्यावर होणाऱ्या खटल्याचा विचार करतात?

ही परंपरा जुनी आहे. १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर केली. तिला ३८ राज्यांची संमती हवी होती. पहिल्या काही वर्षांत राज्ये भराभर संमती देत गेली, वाटले झाले काम. तेव्हा फिलिस श्लाफ्ली या कॅथलिक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या अनुयायी गृहिणी विधिमंडळात जाऊन आमदारांना घरी भाजलेले पाव आणि घरचा जॅम वाटत. समान हक्क मिळाले तर बायकांना सैन्यात जावे लागेल, नवऱ्याकडून पोटगी मिळणार नाही, असे सांगत. गाडी ३५ राज्यांवर अडली आणि १९८२ मध्ये मुदत संपली. बायकांनी घर सांभाळावे असे देशभर हिंडून सांगणाऱ्या श्लाफ्लीबाईंनी मधल्या काळात, १९७८ मध्ये, स्वतः कायद्याची पदवी घेतली! पुढे २०१७ ते २०२० दरम्यान आणखी तीन राज्यांनी संमती दिली, पण मुदतीच्या वादात ती अडकली.

आता आपल्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे 'कुटुंबमूल्य' म्हणजे नक्की कोणाचे कुटुंब?

१९५८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात रिचर्ड लव्हिंग हा गोरा आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय बाई यांना त्यांच्या राहत्या घरी, झोपेतून उठवून अटक झाली. गुन्हा एकच, दोघांनी लग्न केले होते. शिक्षा स्थगित करताना अट घातली की पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवायचे नाही. पुढे न्यायाधीशाने निकालात देवाचा हवाला दिला. देवाने वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, तेव्हा त्यांची सरमिसळ व्हावी असा त्याचा हेतू नव्हता, असा तो युक्तिवाद. 'वंश' या शब्दाच्या जागी 'वर्ण' घाला आणि मनुस्मृती उघडा. जातीचे मूळ आणि तिचा कणा हा जातीअंतर्गत विवाहात आहे हे बाबासाहेबांनी १९१६ साली, न्यूयॉर्कमध्ये बसूनच मांडले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द केले ते १२ जून १९६७ रोजी. तोपर्यंत सोळा राज्यांत ते जिवंत होते. अलाबामाच्या घटनेतील हे मृत कलम काढण्यासाठी २००० साली जनमत घेतले तेव्हा सुमारे चाळीस टक्के लोकांनी ते ठेवावे म्हणून मत दिले!

लोक समजतात की अमेरिकेतील धर्मवादी राजकारण गर्भपाताच्या प्रश्नावर जन्मले. रँडल बाल्मर या इतिहासकाराने दाखवून दिले आहे की सुरुवात वेगळी आहे. १९५४ च्या निकालाने सरकारी शाळांतील वंशभेद बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत गोऱ्यांनी खासगी 'ख्रिस्ती' शाळा काढल्या. १९७१ मध्ये न्यायालयाने ठरवले की वंशभेद करणाऱ्या शाळेला कर-सवलत नाही. दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत गेली आणि १९८३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातही हरले. या विद्यापीठात भिन्नवंशीय मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरण्यास बंदी होती. ती उठली २००० साली. याच कर-सवलतीच्या रागातून धर्मोपदेशक राजकारणात एकत्र आले, असे बाल्मर यांचे म्हणणे. वंशभेदाच्या बाजूने उघड बोलणे अवघड झाले तेव्हा कुटुंब हा शब्द पुढे आला. हा शब्द फार सोयीचा आहे. कुटुंबाच्या विरुद्ध कोण बोलणार?

येथे एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज होईल. हे सारे ख्रिश्चन नव्हेत. मार्टिन ल्यूथर किंग हे बाप्टिस्ट धर्मोपदेशकच होते आणि नागरी हक्कांची चळवळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच उभी राहिली. लुइझियानाच्या कायद्यापासून तेथील कॅथलिक बिशपही दूर राहिले. समुपदेशनात घटस्फोटाची कायदेशीर माहिती द्यावी लागते, ती आम्ही देणार नाही, हे त्यांचे कारण. पुरोगामी म्हणून नव्हे, आणखी कर्मठ म्हणून, हे खरे; पण राजकीय पुढाऱ्यांच्या मागे ते फरफटत गेले नाहीत. आणि आपल्या देशात तर ख्रिश्चन हे अल्पसंख्य, धर्मांतरबंदी कायद्यांचा मार खाणारे. तेव्हा या लेखाचा आधार घेऊन कोणी येथील चर्चवर बोट दाखवू लागला तर त्याला सांगा की बहुसंख्यांच्या धर्माने विधिमंडळ ताब्यात घेतले की काय होते, ही गोष्ट आहे. त्या धर्माचे नाव तिकडे एक आहे, इकडे दुसरे.

इकडचे उदाहरण हवे असेल तर डिसेंबर २०२२ मधला महाराष्ट्र शासनाचा निर्णय काढून वाचा. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुलींची व त्यांच्या कुटुंबांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली होती. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची झाली. सज्ञान मुलीच्या निवडीवर सरकारी नोंदवही, आणि नाव मात्र कुटुंबाच्या काळजीचे.

परत लुइझियानाकडे. एवढा गाजावाजा झालेल्या त्या लग्नाचे पुढे काय झाले? राज्यातल्या नव्या जोडप्यांपैकी अगदी थोड्यांनी, शंभरात दोन-तीन म्हणता येतील इतक्यांनीच, ते निवडले. चर्चला जाणाऱ्या लोकांनीसुद्धा नोंदणी कार्यालयात साधाच अर्ज भरला. पुढच्या वीस वर्षांत चौथे राज्य मिळाले नाही. अ‍ॅरिझोनाने तर आपल्या कायद्यात दोघांची संमती असेल तर घटस्फोट मिळेल अशी पळवाट पहिल्यापासूनच ठेवली होती. म्हणजे लोकांनी हा कायदा मतपेटीत नाही, पण आयुष्यात नाकारला. गर्भपाताबाबतही जेथे प्रश्न थेट लोकांकडे गेला तेथे चित्र पालटले. कॅन्ससमध्ये २ ऑगस्ट २०२२ रोजी, ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये, दोन्ही राज्ये रिपब्लिकन पक्षाची असूनही, मतदारांनी स्त्रियांच्या हक्काच्या बाजूने कौल दिला.

पण हरल्याने ही माणसे घरी बसत नाहीत. कव्हनंट मॅरेज करणाऱ्या त्या थोड्या जोडप्यांत माइक जॉन्सन नावाचा लुइझियानाचा वकील होता. १९९९ मध्ये त्याने असे लग्न केले, वर्षानुवर्षे त्याचा प्रचार केला, वर सांगितलेल्या अलायन्समध्ये नोकरी केली, मग राज्यात आमदार झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात तो अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला. २०२४ मध्ये ओक्लाहोमात दोषविरहित घटस्फोट रद्द करण्याचे विधेयक आले. ते मंजूर झाले नाही. २०२५ च्या जानेवारीत आयडाहोच्या कनिष्ठ सभागृहाने समलिंगी विवाहाचा २०१५ चा निकाल फिरवा, अशी सर्वोच्च न्यायालयाला विनंती करणारा ठराव ४६ विरुद्ध २४ मतांनी केला.

आपल्या समाजातील जी मुले-मुली शिकून तिकडे गेली आहेत, त्यांना राज्य विधिमंडळ म्हणजे काय याचा अनुभव २०२३ मध्ये आला. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर आयेशा वहाब यांनी जातिभेदाला कायद्याने बंदी करणारे विधेयक मांडले. सिनेटमध्ये ते ३४ विरुद्ध १ मतांनी गेले. मग सवर्ण हिंदूंच्या संघटना जाग्या झाल्या. आमच्या धर्माला आणि आमच्या कुटुंबांना बदनाम केले जात आहे, हा त्यांचा सूर. सुनावणीच्या दिवशी साक्रामेंटोत दोन्ही बाजूंच्या शेकडो लोकांची रांग लागली होती. आंबेडकरी कार्यकर्ते नोकरीतून रजा काढून, मोटारीने कित्येक तास प्रवास करून आले होते. समितीपुढे एकेकाला नाव आणि बाजू सांगण्यापुरतेच क्षण मिळत होते. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. मग कार्यकर्ते विधिमंडळाबाहेर उपोषणाला बसले आणि गव्हर्नरच्या सहीची वाट पाहू लागले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवले. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असे त्यांनी लिहिले.